माप कोणाच्या हाती?

(जिल्हा बैठकीत कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



आजच्या बैठकीत भावाबद्दल बोलायचे नाही, असे आम्ही ठरवून आलो आहोत. भावाबद्दल आपण जन्मभर बोलत आलो आणि पुढेही बोलणारच आहोत. आज बोलायचे आहे ते मापाबद्दल. भाव ठरण्याच्या आधी एक गोष्ट ठरते. समोरच्या ढिगात नेमके आहे काय, हे कोणीतरी ठरवतो. ते ठरवणे ज्याच्या हाती, भावाची दोरी त्याच्या हाती.

आपण सगळ्यांनी हे पाहिले आहे. गाडी उभी राहते, एक माणूस येतो, ढिगात हात घालून चिमूटभर कापूस काढतो, दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढतो आणि म्हणतो, ‘‘धागा तोकडा आहे.’’ किती तोकडा? तर ‘‘आम्ही वीस वर्षे हेच काम करतो.’’ म्हणजे आपल्या वर्षभराच्या कष्टाचे मोजमाप त्याच्या वीस वर्षांच्या बोटांत. त्या बोटांत कसब नसते असे आम्ही म्हणत नाही. चांगल्या पारख्याचे बोट खरोखर हुशार असते. पण त्या बोटावर आकडे कोरलेले नसतात, त्या बोटाची पावती मिळत नाही आणि त्या बोटाविरुद्ध दाद मागता येत नाही.

मापाचे भांडण आपल्याकडे जुने आहे. रुमालाखाली बोटे दाबून सौदा करायची हत्ता पद्धत आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिली आहे. कारंज्याला १८८६ साली देशातली पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ झाली, १८९७ साली वऱ्हाडात कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. इंग्रज सरकारला शेतकऱ्याचा कळवळा होता म्हणून हे झाले असे कोणी समजू नये. मँचेस्टरच्या गिरण्यांना चोख कापूस हवा होता. पण निमित्त काहीही असो, उघड्यावर माप झाले पाहिजे हे तत्त्व तेव्हा आले. आज तागडी जाऊन आकडे दाखवणारा काटा आला. कडता कापण्याची खोड सगळीकडची गेली असे नाही, पण वजनाचे भांडण निदान आकड्यावर होते. प्रतीचे भांडण मात्र अजून बोटांवर अडले आहे.

आता प्रतीही यंत्रे मोजू लागली आहेत. ती दोन गोष्टींनी मोजतात. एक उजेड आणि दुसरा कानाला ऐकू न येणारा आवाज. यंत्र म्हटले की आपण दबतो. पडद्यावर आकडा आला की तो देवाने लिहिला असे समजून मान खाली घालतो. ही सवय सोडायची असेल तर त्या यंत्राच्या पोटात काय चालते ते समजून घेतले पाहिजे. ते अवघड नाही. विहिरीचा अंदाज घेणाऱ्या आणि ढग बघून पेरणी ठरवणाऱ्या माणसाला तर मुळीच नाही.

आवाजाचे माप

डोंगरापुढे उभे राहून हाक मारली की प्रतिध्वनी येतो. हाक परत यायला एक सेकंद लागला तर डोंगर किती लांब? आवाज हवेत एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर जातो. एका सेकंदात तो गेला आणि आला, म्हणून अंतर त्याच्या निम्मे, सुमारे १७० मीटर. आवाजाने मोजणारे प्रत्येक यंत्र एवढेच करते. वटवाघूळही हेच करते.

फरक इतकाच की यंत्राची हाक आपल्याला ऐकू येत नाही. माणसाच्या कानाला सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचाच आवाज कळतो. ही यंत्रे सेकंदाला ४० हजारांपासून काही लाख कंपनांपर्यंतचा आवाज काढतात. यंत्रात एक लहानशी चकती असते. तिला विजेचा झटका दिला की ती थरथरते आणि आवाज निघतो. परतलेला आवाज तिच्यावर आदळला की तीच चकती वीज तयार करते. दाबाने वीज निर्माण करणाऱ्या स्फटिकांचा हा गुण फ्रान्समधल्या क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवून दिला. म्हणजे यंत्राचे तोंड तेच आणि कानही तोच.

समजा विहिरीच्या काठावर असे यंत्र खाली तोंड करून बसवले आणि पाणी १० मीटर खोल आहे. आवाजाला जाऊन येऊन २० मीटर जायचे आहे. त्याला सुमारे ५८ हजारांश सेकंद लागतात. यंत्र हा वेळ मोजते आणि वेळेवरून हिशेब करून १० मीटर हा आकडा दाखवते. इथे आमचा पहिला मुद्दा नीट ध्यानात घ्या. यंत्राने अंतर मोजलेले नाही. त्याने वेळ मोजला आणि अंतर हिशेबाने काढले. हिशेब म्हटला की त्यात काहीतरी गृहीत धरलेले असते, आणि सावकाराच्या वहीपासून सरकारच्या उत्पादनखर्चापर्यंत गृहीत धरलेल्या गोष्टींनी आपल्याला किती वेळा बुडवले ते वेगळे सांगायला नको.

इथे गृहीत काय आहे? आवाजाचा वेग. तो ३४३ मीटर असतो तो २० अंश तापमानाला. हवा एक अंशाने तापली की वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. ४० अंशाला तो सुमारे ३५५ मीटर होतो. मग आपल्याकडच्या वैशाखात काय होईल? आवाज लवकर परत येईल, आणि यंत्र जुन्याच वेगाने हिशेब करत असेल तर १० मीटरवरचे पाणी ९ मीटर ६६ सेंटिमीटरवर आहे असे सांगेल. पाणी जिथे आहे तिथून ते दीड वीत वर दिसेल. म्हणून चांगल्या यंत्रात तापमान मोजायची सोय असते आणि ते हिशेब दुरुस्त करते. पण तीही काठावरची, यंत्राजवळची हवा मोजते. विहिरीच्या पोटातली हवा थंड असते. म्हणून थोडी चूक उरतेच.

दुसरी गोष्ट. टणक आणि सपाट गोष्टीवरून आवाज नीट परततो. पाणी, लोखंड, काच, भिंत यांच्यावरून चांगला परततो. काच आरपार दिसते, तरी आवाजाला ती भिंतच. पण मऊ वस्तू आवाज गिळते. रुईच्या ढिगाकडे हाक मारली तर उत्तर क्षीण येते. धान्याचा ढीग उतरता असेल तर आवाज भलतीकडे जातो. आणि यंत्राच्या अगदी तोंडाजवळ आलेली वस्तू त्याला कळत नाही, कारण चकतीची आधीची थरथर अजून थांबलेली नसते. हाक मारता मारता ऐकता येत नाही. आपल्या सभांत हे आपण पाहतोच. पण आवाजाचा एक मोठा गुण आहे. त्याला अंधार चालतो, वस्तूचा रंग कोणताही चालतो आणि थोडी धूळही चालते. म्हणून टाकीतले पाणी, तेल, रसायन यांची पातळी मोजायला कारखान्यात हीच यंत्रे लावतात.

उजेडाचे माप

उजेडाचे काम चार तऱ्हांनी चालते.

पहिली तऱ्हा अडवणुकीची. एका बाजूला दिवा, समोर त्याचा उजेड टिपणारा डोळा. मध्ये काही आले की उजेड तुटतो. कारखान्यात पट्ट्यावरून जाणारे डबे असेच मोजतात. यात शंका येते की दिवसा ऊन पडले तर डोळा फसणार नाही का? त्यावर युक्ती अशी, की दिवा एका ठरावीक तालात सेकंदाला हजारो वेळा लुकलुकतो आणि डोळा त्याच तालाचा उजेड तेवढा मानतो. गावात शंभर बैल असले तरी आपल्या बैलाच्या घुंगरांचा नाद आपण ओळखतो, तसेच हे.

दुसरी तऱ्हा मंदपणाची. उजेड पूर्ण तुटला नाही, नुसता कमी झाला, तर किती कमी झाला यावरून मधल्या वस्तूचा दाटपणा काढायचा. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या अखेरीस कापूस वेचणाऱ्या यंत्रांच्या नळ्यांत असे दिवे आणि डोळे बसवू लागले. नळीतून कापूस उडत जाताना उजेड जितका अडेल तितका कापूस जास्त, असा हिशेब. शेताच्या कोणत्या तुकड्यात किती पिकले ते त्यातून कळते. पण काचेवर धूळ बसली की उजेड तसाच कमी होतो आणि यंत्राला वाटते कापूसच भरपूर येतो आहे. म्हणून काच पुसण्याला आणि पुन्हा पुन्हा वजनाशी ताळा घेण्याला पर्याय नाही.

तिसरी तऱ्हा कोनाची. अंधारात भिंतीवर तिरपी विजेरी मारा आणि भिंतीकडे चालत जा. उजेडाचा ठिपका एका बाजूला सरकताना दिसेल. ठिपका किती सरकला यावरून भिंत किती जवळ आली ते काढता येते. लेसरची बारीक रेघ आणि नाजूक डोळा वापरला की याच युक्तीने केसापेक्षा बारीक फरक मोजता येतो. जवळच्या मोजणीला ही तऱ्हा वापरतात, कारण उजेडाचा परतण्याचा वेळ मोजणे फार कठीण. उजेड सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो. एक मीटर जाऊन परत यायला त्याला एका सेकंदाचा पंधरा कोटीवा भाग लागतो.

चौथी तऱ्हा तुमच्या बांधावर येऊन गेली आहे. सरकारी मोजणीला आता साखळीऐवजी तिपाईवरचे यंत्र येते आणि एक माणूस काठीवर आरसा धरून कोपऱ्याकोपऱ्यावर उभा राहतो. ते यंत्र डोळ्याला न दिसणारा किंवा लेसरचा उजेड सोडते, आरशावरून तो परततो. उजेडाच्या चढउताराची लहर जाताना कशी होती आणि परतताना किती मागे पडली, यावरून यंत्र अंतर काढते. मोजणी यंत्र अचूक करते. पण काठी कोणत्या दगडावर धरायची हे यंत्र ठरवत नाही, ते माणूस ठरवतो. बांधाची भांडणे यंत्र आल्यावरही का मिटली नाहीत, याचे उत्तर त्यात आहे.

धाग्याची सावली

आता आपल्या कापसाकडे येऊ. धाग्याची लांबी यंत्र कशी मोजते?

शिंदीची केरसुणी मुठीत उभी धरून उन्हात उभे राहा आणि सावली बघा. मुठीजवळ सावली गडद, कारण तिथे सगळ्या काड्या आहेत. वर जावे तशी विरळ, कारण आखूड काड्या संपल्या. शेंड्याला अगदी फिकट, कारण सर्वांत लांब काड्याच तिथे पोचतात. सावली कुठे किती फिकट झाली हे मोजले तर एकही काडी वेगळी न काढता सगळ्या केरसुणीची लांबी सांगता येईल. कापसाचे यंत्र हेच करते. रुईचा झुबका चिमट्यात धरून विंचरतात आणि उजेडाच्या पट्टीतून सरकवतात. प्रत्येक टप्प्यावर उजेड किती अडला त्याची रेघ काढतात आणि त्यावरून लांबी व एकसारखेपणा ठरतो. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठातल्या हर्टेल या शास्त्रज्ञाने १९४० साली ही युक्ती मांडली.

रंगही उजेडानेच मोजतात. नमुना काचेवर दाबून ठेवतात, त्यावर तिरपा उजेड टाकतात आणि किती परतला यावरून पांढरेपणा व पिवळेपणा असे दोन आकडे निघतात. पावसात भिजलेला, कवडी झालेला कापूस पिवळेपणाच्या आकड्यात पकडला जातो. काडीकचरा छायाचित्र घेऊन मोजतात. काळे ठिपके किती आणि किती जागा व्यापतात ते यंत्र सांगते. तलमता मात्र उजेडाने मोजत नाहीत. ठरावीक वजनाची रुई डबीत दाबून तिच्यातून हवा सोडतात. धागा बारीक असेल तर हवा जास्त अडते. आणि खरेदी केंद्रावर ओलावा बघायला जे यंत्र ढिगात खुपसतात ते विजेचे असते. ओल्या कापसातून वीज सहज वाहते.

हे सगळे आपल्या खिशाशी कसे निगडित आहे ते बघा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने मध्यम धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत क्विंटलला ७७१० रुपये आणि लांब धाग्याची ८११० रुपये ठरवली. मध्यम धागा म्हणजे २४.५ ते २५.५ मिलिमीटर, लांब धागा म्हणजे २९.५ ते ३०.५ मिलिमीटर. पाच मिलिमीटरला चारशे रुपये. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की किंमत कापली जाते आणि १२ टक्क्यांच्या वर गेला की कापूस परत पाठवला जातो. म्हणजे सरकारचा भावच मुळी मिलिमीटरवर आणि टक्क्यांवर बांधलेला आहे. इथे बसलेल्यांपैकी किती जणांच्या हातात आपल्या कापसाच्या मिलिमीटरची चिठ्ठी आजवर पडली? हात वर करा. हात किती वर झाले ते सगळ्यांना दिसतेच आहे.

माल आपला असतानाच मोजा

असे का होते, याचे कारण नुसत्या लबाडीत शोधू नका. हे यंत्र रुई मोजते. आपण विकतो तो सरकीसकट कापूस. सरकी वेगळी होते जिनिंगमध्ये, म्हणजे कापूस विकून झाल्यावर. खरे माप होते तेव्हा माल आपला राहिलेला नसतो. गाठीला चिठ्ठी लागते, ती चिठ्ठी गिरणीला मिळते, गिरणी त्या चिठ्ठीवर भाव देते. आणि आपल्याला मिळतो बोटांचा अंदाज. अंदाज करणारा माणूस स्वतःचे नुकसान होईल असा अंदाज कधी करत नाही, तो चार आणे हातचे राखूनच करतो. आपले नुकसान होते ते त्या हातच्यात.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात लबक शहराभोवती मोठा पठारी मुलूख आहे. पाऊस कमी आणि पिके कोणती? कापूस आणि ज्वारी! आपल्यासारखीच. तिथल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने कापूस मोजणाऱ्या या जलद यंत्रांच्या उभारणीत सुरुवातीच्या काळात भाग घेतला. १९९१ सालापासून त्या देशाचे कृषी खाते कापसाची प्रतवारी या यंत्रांवर करू लागले. तिथला शेतकरी मजुरी देऊन जिनिंग करून घेतो; गाठ त्याचीच राहते. प्रत्येक गाठीचा नमुना विकणाऱ्याकडे नाही, घेणाऱ्याकडेही नाही, तिसऱ्याकडे जातो आणि चिठ्ठी गाठीच्या क्रमांकाला चिकटते. त्या शेतकऱ्याला त्याचे सरकार अनुदानही भरपूर देते, ती गोष्ट वेगळी आणि तिच्याबद्दलचे आपले भांडण कायम आहे. पण मापाची ही रीत घेण्यासारखी आहे.

यंत्र खोटे बोलते का?

यंत्राला खोटे बोलता येत नाही, पण त्याला खोटे शिकवता येते. या यंत्रांना आधी माहीत असलेला, लांबी ठरवून दिलेला प्रमाण कापूस दाखवावा लागतो. वजनकाट्यावर प्रमाण वजन ठेवून बघतो तसेच. तो दाखवला नाही, जुना दाखवला, तर पुढचे हजार नमुने चुकतील आणि आकडे मात्र दशांशापर्यंत रुबाबात येतील. नमुना साधारण २० ते २१ अंश तापमानाच्या आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत मुरू द्यावा लागतो. एप्रिलच्या उन्हातून आणलेला कोरडा ठणठणीत नमुना तसाच यंत्राला लावला तर धागे तुटतात आणि चांगला कापूस कमजोर ठरतो. आकडे काढायच्याही दोन पद्धती आहेत. ताकदीचा आकडा एकीत दुसरीपेक्षा बराच मोठा येतो. त्यामुळे नुसता आकडा ऐकून भागत नाही, पद्धत कोणती ते विचारावे लागते.

म्हणून कोणतेही यंत्र समोर आले की तीन प्रश्न विचारायचे. हे यंत्र प्रत्यक्षात काय बघते: वेळ, सावली, की उजेडाचा रंग? त्यावरून आकडा काढताना काय गृहीत धरले? आणि ते शेवटचे कधी व कशाशी ताडून पाहिले? विचारताना आवाज चढवायची गरज नाही. वजनकाट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असावा लागतो हे आपण शिकलो, तसेच हेही शिकायचे.

सुतळीचा तुकडा

आता थोडे आपल्या घरातले बोलू. ते बोललो नाही तर बाकीचे बोलण्याचा आपला अधिकार जातो.

सूतगिरणीत रुईचे पुंजके नळीतून वाऱ्याने उडत जातात. त्यावर दिव्यांचा प्रखर उजेड असतो आणि कॅमेरे सतत बघत असतात. रंगीत चिंधी, केस, गोणपाटाचा धागा दिसला की यंत्र हिशेब करते, तो तुकडा पुढच्या टप्प्यावर पोचताक्षणी हवेचा फटका मारते आणि तुकडा बाहेर फेकला जातो. त्याच्याबरोबर चार चांगले पुंजकेही जातात. पण खताच्या पांढऱ्या पोत्याचा धागा? तो कापसासारखाच पांढरा. साधा कॅमेरा त्याला ओळखत नाही. त्यासाठी जांभळ्याच्या पलीकडचा उजेड वापरतात, उजेडाच्या आणखी युक्त्या करतात, काही यंत्रांत न ऐकू येणारा आवाजही कामाला लावतात, कारण प्लास्टिकचा तुकडा आणि मऊ रुई यांच्यावरून आवाज सारखा परतत नाही. एवढे करूनही एखादा धागा निसटतो, कापडात विणला जातो आणि रंगवताना तिथे पांढरा डाग उरतो, कारण प्लास्टिक तो रंग घेत नाही.

हा सगळा खटाटोप कोणाच्या खर्चाने चालतो? गिरणीवाला आपल्या खिशातून करतो असे वाटत असेल तर तो भोळेपणा झाला. तो खर्च कापसाच्या भावातून वजा होऊन येतो. आणि तो धागा कुठून आला? आपल्या खळ्यातून, खताच्या पोत्यात वेचलेल्या कापसातून, व्यापाऱ्याच्या गाडीतून, जिनिंगच्या आवारातून. सगळा दोष आपला नाही, पण आपला वाटा आपण कमी करू शकतो. वेचणीच्या मायबहिणींना सुती झोळ्या द्या, डोक्याला सुती फडके बांधायला द्या, दव उडाल्यावर वेचणी करा, कवडी वेगळी ठेवा. आणि कापसावर पाणी मारायची ज्याला सवय आहे त्याने ती आज इथेच सोडून जावी. दहा जणांच्या ओल्या कापसामुळे केंद्रावर शंभर जणांच्या ढिगात यंत्र खुपसले जाते.

ज्वारीची मूठ

ज्वारीचेही तेच. कणसे भरताना पाऊस आला की दाणा काळा पडतो. खरेदीला गेलो की समोरचा मूठभर दाणे तळहातावर घेतो, दोन काळे दिसले की सगळी ज्वारी काळी ठरवतो. दुकानात ‘सॉर्टेक्स’ केलेली डाळ मिळते ती तुम्ही पाहिली असेल. सॉर्टेक्स हे लंडनच्या एका कंपनीचे नाव. तिच्या यंत्रांवरून तो शब्दच रूढ झाला. त्या यंत्रात दाणे उतरणीवरून एकेरी थरात घसरतात, उजेडात प्रत्येक दाणा बघितला जातो आणि डागी दाण्याला हवेचा बारीक फटका बसून तो बाजूला उडतो. तळहात मूठभर बघून पोत्याचा निकाल देतो. हे यंत्र दाण्यादाण्याचा निकाल देते. पोत्यात पाच किलो काळे निघाले तर पाच किलोचेच नुकसान व्हावे, शंभर किलोचे का? माप बारीक झाले की अन्यायाची जागा लहान होते. त्यासाठी आपण मापाच्या बाजूने उभे राहायचे. बुरशीचा दाणा खाण्यात जाऊ नये, हा त्यातला दुसरा फायदा.

आपण काय ठरवायचे

मित्रहो, यंत्राला विरोध करणारे लोक आपण कधीच नव्हतो. तंत्रज्ञान हवे ही आपली जुनी भूमिका आहे. पण तंत्रज्ञान फक्त घेणाऱ्याच्या हातात राहिले तर त्याचा चाबूक होतो. तेच दोघांच्या समोर आले तर त्याचे माप होते.

म्हणून या बैठकीपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो आहोत. पहिली: जिथे प्रत सांगून भाव कापला जाईल तिथे कोणता आकडा कमी पडला हे लेखी मागायचे. ‘तोकडा’ हा शब्द चालणार नाही, मिलिमीटर सांगा. दुसरी: वादाच्या मालाचा नमुना दोघांसमोर काढून तीन भाग करायचे, एक आपल्याकडे, एक त्यांच्याकडे, एक तिसऱ्याकडे तपासणीला. मुंबईत माटुंग्याला कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था १९२४ सालापासून उभी आहे. कापसाची तपासणी हे तिचे काम आहे. तिसरी: खरेदी केंद्रावरच्या ओलाव्याच्या यंत्राचा ताळा सगळ्यांसमोर, खरेदी सुरू होण्यापूर्वी घ्यायचा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि तीच कष्टाची. प्रत्येक तालुक्यात एका तरी गटाने या हंगामात एकाच वाणाचा, एकाच वेचणीचा कापूस एकत्र करावा आणि मजुरी देऊन जिनिंग करून घ्यावे. साधारण ५ क्विंटल कापसाच्या रुईची १७० किलोची एक गाठ होते. शंभर गाठी एकदम नका करू, दहा करा. त्यांचे नमुने तपासून चिठ्ठ्या घ्या आणि मग बाजारात उभे राहा. भाव जास्तच मिळेल असे आश्वासन आम्ही देत नाही. आश्वासने द्यायला पुढारी पुष्कळ आहेत. कदाचित तुमचा धागा खरोखर तोकडा निघेल. तर तेही कळू द्या. मग बियाणे बदलायचे की वेचणी सुधारायची ते तुमचे तुम्हाला ठरवता येईल. पण ते तुम्हाला आधी कळेल, घेणाऱ्याच्या तोंडून नाही.

आजवर आपण ढीग घेऊन गेलो आणि त्यांनी तो काय आहे ते सांगितले. यापुढे आपण चिठ्ठी घेऊन जाऊ आणि ढीग काय आहे ते आपण सांगू. पुढच्या बैठकीला निदान एका गटाने आपल्या गाठीची चिठ्ठी इथे, या टेबलावर आणून ठेवावी. त्या दिवशी भावाबद्दल बोलू, आणि ते बोलणे आजवरच्या बोलण्यापेक्षा वेगळे असेल.